धुरांडं ठेवलंत, बाकीची गिरणी कुठे आहे?

प्रति,
गिरण्यांच्या जमिनींवर निवासी संकुलांचे आराखडे करणारे मुंबईतील सर्व वास्तुविशारद



हे पत्र मुद्दाम तुम्हालाच लिहिते आहे. विकासकाला लिहून उपयोग नाही. त्याचं गणित उघड आहे आणि ते तो लपवतही नाही. महापालिकेला लिहिलं तर अर्जावर शिक्का बसतो आणि अर्ज या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतो. सरकारला लिहावं तर समिती नेमली जाते. गिरण्यांच्या जमिनींवर चार्ल्स कोरिआंच्या अध्यक्षतेखाली १९९६ साली समिती झाली होती. तिच्या अहवालाचं पुढे काय झालं, हे निदान तुमच्या व्यवसायातल्या कोणाला समजावून सांगायला नको. उरता तुम्ही. नकाशावर सही तुमची असते, जुनी शेड पाडायच्या आधी आवारात पहिलं पाऊल तुमच्या माणसांचं पडतं, आणि काय ठेवायचं, काय काढायचं याचा पहिला शब्दही तुमचाच असतो. म्हणून तक्रारही तुमच्याकडे आणि मागणंही तुमच्याकडे.

मी पुरातत्त्वाची अभ्यासक आहे आणि गिरणगावातच राहते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे गैरसमज नको. घरं बांधू नका असं मी म्हणत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. त्यांच्या आणि त्यांच्या वारसांच्या घरासाठी आलेल्या अर्जांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात आहे. म्हाडाने २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत काढली, २०२० साली बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास गिरण्यांच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची. अर्जांच्या मानाने हा आकडा किती तोकडा आहे ते दिसतंच आहे. तेव्हा पुरातत्त्वाच्या नावाखाली या माणसांची घरं एक दिवसही लांबवावीत असं मला कधी वाटणार नाही. माझं म्हणणं अगदी छोटं आहे. जुनी गिरणी पाडल्यापासून पायलिंगचं मशीन आवारात शिरेपर्यंत मध्ये जो वेळ जातो, आणि तो कसा जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, त्यातले सहा ते आठ आठवडे आम्हाला द्या. मंजुऱ्यांची वाट बघत प्लॉट वर्षवर्ष रिकामा पडून असतो, पावसाळ्यात त्यात डबकी साचतात. तेवढ्या वेळात आम्हाला आत येऊ द्या.

आता तक्रारी.

पहिली तक्रार धुरांड्याची. गेल्या पंचवीस वर्षांत गिरणगावात जे काही 'जतन' झालं त्यात सगळ्यात भाव खाऊन गेलं ते धुरांडं. मॉलच्या मधोमध उभं, खाली कॉफीची दुकानं, रात्री त्यावर जांभळे दिवे. लग्नातला फेटा कपाटात जपून ठेवावा आणि नवरदेवाचं नाव विसरून जावं, तसं हे झालं आहे. धुरांडं ही गिरणीतली सगळ्यात कमी बोलणारी वस्तू. ते उंच असतं, फोटोत छान येतं, त्याखाली जागाही फार जात नाही, म्हणून ते राहतं. पण गिरणी चालायची बॉयलर घरात, इंजिन घरात, इंजिनाच्या चाकावरून प्रत्येक मजल्यावर जाणाऱ्या दोरांच्या त्या अरुंद, उंच पोकळीत, ब्लो रूममध्ये, रिंग खात्यात, कापड विणायच्या साचेखान्यात. दोरांची ती पोकळी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तळमजल्यापासून वरपर्यंत सरळ गेलेली फट, भिंतीत लोखंडी बेअरिंगच्या पेट्या बसवायची चौकोनी भोकं, आणि त्या भोकांभोवती तेलकट काळा डाग. १९१५ साली खोपोलीची टाटांची वीज मुंबईत आली आणि एकेका गिरणीत मोटारी बसू लागल्या, तशी ही पोकळी निकामी झाली. कुणी ती विटांनी बुजवली, कुणी तिथे जिना केला, कुणी नुसतीच सोडून दिली. कोणत्या गिरणीने कधी आणि किती मनापासून वाफ सोडली, हे त्या बुजवलेल्या विटांवर वाचता येतं. धुरांड्यावर ते वाचता येत नाही.

दुसरी तक्रार जरा लांबवणार आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच आहे. ती तळघरांची.

पूर्वी जुन्या इमारतीवर नवी बांधायची तर पाया जेमतेम माणसाच्या उंचीएवढा खोल जायचा. खालचं खालीच राहायचं, शंभर वर्षांनी कुणी खणलं तर सापडायचं. जगातली बहुतेक शहरं आपल्या पायाखाली अशी टिकली आहेत. आता गिरणीच्या जागेवर पोडियम, त्याखाली दोन-तीन मजल्यांचं गाड्यांचं तळघर, आणि ते प्लॉटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. म्हणजे इंजिनाचा पाया, बॉयलरचे विटांचे मार्ग, धुराचा भुयारी रस्ता, साचेखान्याखालचे दमट हवेचे बोगदे, कंडेन्सरसाठी पाणी साठवणारं तळं, त्याखालचा भराव, भरावाखालचं खाजण, सगळं एकदम डंपरमध्ये भरून शहराबाहेर. इमारत पाडली तर निदान तिचे फोटो असतात. जमिनीखालच्याचे फोटोही नसतात, कारण ते तिथे आहे हेच कुणाला माहीत नसतं. या शहराच्या इतिहासात जमिनीखालचा पुरावा इतका समूळ आणि इतका झटपट याआधी कधी गेला नव्हता. आणि तो तुमच्या रेखांकनाप्रमाणे जातो, हे नाइलाजाने सांगते.

परळच्या जमिनीत काय असणार, असं म्हणणारे भेटतात. त्यांना १९३१ सालची आठवण करून देते. परळमध्ये रस्त्याचं काम चालू असताना पुरुषभर उंचीहून मोठं, अर्धवट घडवलेलं एक शिवशिल्प निघालं. इसवीसनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातलं, एलिफंटाच्या नात्यातलं. ते आज बारादेवीच्या मंदिरात आहे, लोक त्याची पूजा करतात आणि कलेतिहासाचे अभ्यासक दूरदूरहून ते बघायला येतात. ते सापडलं मजुरांच्या कुदळीला, म्हणून वाचलं. आज त्या जागी ब्रेकर लावलेला पोकलेन असता तर? पोकलेनवाल्याचा यात दोष नाही. त्याला थांबायला सांगणारा माणूस आवारात असावा लागतो, आणि तो तिथे असावा हे तुमच्या यादीत लिहिलेलं असावं लागतं.

यादीवरून आठवलं. एका टॉवरच्या कामाला किती सल्लागार असतात ते मी मोजत नाही, पण स्ट्रक्चरल, प्लंबिंग, अग्निशमन, लँडस्केप, प्रकाशयोजना, दर्शनी भागाचा वेगळा, लिफ्टचा वेगळा, आणि बऱ्याच ठिकाणी वास्तुशास्त्राचाही एक. दरवाजा ईशान्येला असावा की नाही हे सांगणाऱ्याला मानधन मिळतं. मग जमिनीखाली काय आहे हे सांगणाऱ्याला यादीत जागा का नाही? खर्चाचं कारण सांगू नका. सॅम्पल फ्लॅटच्या पडद्यांवर जेवढं जातं, तेवढ्यात चार विद्यार्थी, एक अनुभवी उत्खननकार आणि एक छायाचित्रकार दोन महिने काम करतील.

आता मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कागद आहेत की, मग खणायचं कशाला? कंपन्यांचे वार्षिक अहवाल आहेत, मालकसंघाची आकडेवारी आहे, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातले शंभर आवाज नोंदवून केलेलं २००४ सालचं पुस्तक आहे, जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक आहे. सगळं खरं, आणि मोलाचंही. पण कागद काय सांगतात आणि जमीन काय सांगते यात फरक असतो. एक प्रसंग सांगते.

एका गिरणीच्या पाडकामात आम्हाला कुणाच्या तरी ओळखीने दुपारपुरतं आत जाता आलं. हातात कंपनीचा जुना नकाशा होता, त्यावर एका कोपऱ्यात 'इंजिन हाउस' असं सुबक अक्षरात लिहिलेलं. त्या जागेवर घडीव दगडांचा पाया उघडा पडला होता, मनगटाएवढ्या जाडीचे बोल्ट वर आलेले. आमच्याबरोबर त्याच गिरणीत फिटर असलेले एक निवृत्त काका आले होते. त्यांनी नकाशा बघितलाच नाही. वाकून बोल्टांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे बघ, हे चार बोल्ट करवतीनं कापून दगडाच्या पातळीला आणलेत. हे इंजिनाचे. आणि बाजूचे हे बारीक, हे नंतर बसवलेत, सिमेंटमध्ये. आमच्या टायमाला इथं कॉम्प्रेसर होता, इंजिन नव्हतं." नकाशा मात्र त्यानंतरही 'इंजिन हाउस'च म्हणत राहिला होता, कारण नकाशा पुन्हा काढायची गरज कुणाला पडली नव्हती. आम्ही टेप लावून दोन बोल्टांतलं अंतर मोजलं, त्यावरून इंजिन साधारण कोणत्या जातीचं असावं याचा अंदाज करता येतो. निम्मं मोजून होतंय तोवर चहा संपला आणि ब्रेकर परत सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तो पाया नव्हता.

म्हणजे एकाच दगडावर दोन काळ होते. एक मालकाच्या कागदात होता, दुसरा काकांच्या हाताला ठाऊक होता, आणि दोन्ही जुळवणारा पुरावा त्या दगडात होता. तिन्ही एकाच वेळी, एकाच जागी असण्याची ती शेवटची दुपार होती. कामगार आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. दरवर्षी त्यांच्यातले काही जातात, त्यामुळे ही घाई माझी नाही, काळाची आहे.

आणि जमीन काही गोष्टी अशा सांगते ज्या मालकाने कधीच लिहिल्या नाहीत. साचेखान्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि तो धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, हे त्यामागचं कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. आता मला सांगा, एखाद्या गिरणीच्या आवारात पिण्याच्या पाण्याच्या जागा किती होत्या, त्या कोणत्या खात्यापासून किती दूर होत्या, संडासांच्या रांगा कशा वाटलेल्या होत्या, जेवायच्या शेडला भिंत कुठे होती, हे वार्षिक अहवालात मिळेल का? ते जोत्याच्या विटांत आणि नळाच्या पाइपांत मिळेल. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका काम करायच्या. त्यांची पाळणाघरं कायद्याने आली, पण कुठल्या कोपऱ्यात आली? ब्लो रूमच्या धुळीच्या अंगाला की सावलीत? कंपनीच्या कागदांत पाळणाघर म्हणजे खर्चाच्या रकान्यातली एक ओळ. जमिनीवर ते एका भिंतीला लागून, एका खिडकीखाली असतं.

आपल्या पुरातत्त्वाचं दुर्दैव असं, की त्याला जुनंच आवडतं. हा दोष तुमचा नाही, आमचा. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इनामगावला वर्षानुवर्षं खणलं, तिथल्या एकेका घराची चूल, कोठार आणि जमिनीखाली पुरलेली मडकी नोंदवली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याची चूल कुठे होती हे आपण सांगू शकतो. परळच्या बॉयलरबद्दल असं सांगता येत नाही. कावसजी दावरांची मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. तिच्या इंजिनाची जागा आज जमिनीवर बोट ठेवून कोण दाखवेल? आमच्यातल्या अनेकांना अजूनही औद्योगिक पुरातत्त्व हा थोडा हलका विषय वाटतो. मडकं सापडलं तर संशोधन, बॉबिन सापडली तर भंगार. ही समजूत बदलायचं काम आमचं, ते आम्ही करू. पण आम्ही ती बदलेपर्यंत तुम्ही सगळं साफ करून टाकलेलं असेल तर बदलून उपयोग काय?

कायद्याकडे बोट दाखवू नका, असं म्हणणार होते, पण एकदा दाखवूनच बघू या. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा निदान शंभर वर्षं जुन्या वास्तू आणि अवशेषांचा विचार करतो. गिरणगावातल्या कितीतरी इमारतींनी शंभरी कधीच ओलांडली. पण वास्तू जुनी असली म्हणून आपोआप संरक्षित होत नाही, ती अधिसूचनेत यावी लागते, आणि गिरणीचं इंजिन घर अधिसूचनेत कोण घालणार? मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ पासून जमिनीवर उभं असलेलं बघते, जमिनीखालचं नाही. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, त्यासाठी माती तपासण्याच्या बोअरही घेतल्या जातात, मातीचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पण ती माती कोणत्या काळातली, हा प्रश्न त्या अहवालात नसतो. गंमत म्हणजे आपल्याकडे १८७८ चा एक कायदा अजून आहे. जमिनीत लपवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मोहरांचा हंडा निघाला तर काम थांबेल. ज्या इंजिनावर हे शहर उभं राहिलं त्याचा पाया निघाला तर थांबणार नाही.

इंग्लंडने ही गोष्ट १९९० साली सोडवली, आणि आपल्या गिरण्यांतल्या कितीतरी रिंग फ्रेम ज्या ओल्डहॅममधून आल्या, तिथून जवळच्या मँचेस्टरमध्ये तिचा परिणाम दिसतो. तिथल्या पर्यावरण खात्याने नियोजनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या की जागेवर पुरातत्त्वीय पुरावा असू शकत असेल तर बांधकामाआधी त्याची पाहणी व्हावी, आणि खर्च बांधणाऱ्याने करावा. तो तत्त्वाचा प्रश्न राहिलाच नाही, परवान्याची एक अट झाली. कापड उद्योजक आर्कराइटची शुडहिलची वाफेवरची गिरणी १९४० च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली होती. २००५ साली एका वाहनतळाच्या डांबराखाली तिचे पाये उघडे केले गेले. त्याच भागात एंजल मेडो नावाची कामगारवस्ती होती, जिचं हलाखीचं वर्णन एंगेल्सने १८४५ च्या पुस्तकात करून ठेवलं आहे. तिथे सहकारी संस्थेचं नवं मुख्यालय उभं राहण्याआधी कामगारांच्या तळघरातल्या खोल्या उत्खननात उघड्या केल्या, मोजल्या, आणि मगच पुढचं काम झालं. मुख्यालय बांधलं गेलंच. बांधकाम बंद पडलं नाही, कुणी दिवाळखोरीत गेलं नाही. आपल्याकडे लँकेशायरहून यंत्रं आणली, फोरमन आणले, उत्तरेकडे काच ठेवणारं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणलं. मोडताना नोंद करायची ही शेवटची सवय तेवढी आणायची राहिली.

यापुढे मागण्या. थोडक्यात.

तुमच्या कपाटांत असलेले नकाशे उघडे करा. हे मी पहिलं मागते, कारण यात एक पैसा खर्च नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले, मोकळी जागा महापालिकेला, घरांची म्हाडाला, तिसरा मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे झाले, शेडखालची जमीन त्यातून सुटली, आणि ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. म्हणजे प्रत्येक शेड, प्रत्येक ओसरी, प्रत्येक सायकल स्टँड यांचं क्षेत्रफळ पैशात मोजलं जाऊ लागलं. तेव्हा कुणी तरी ते काटेकोर मोजलं, आणि ते मोजणारे तुम्हीच होता. गिरणगावाचा सगळ्यात नेमका नकाशा आज तुमच्या जुन्या फायलींत, वाळवी लागलेल्या ट्रेसिंग कागदावर आणि बंद पडलेल्या संगणकांत आहे. प्रकल्प संपला, दावे मिटले, आता ते लपवून काय मिळणार? एखाद्या विद्यापीठाच्या वास्तुकला विभागाला, अभिलेखागाराला किंवा काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत जे वस्त्रोद्योग संग्रहालय वर्षानुवर्षं व्हायचं आहे, त्याला द्या. संग्रहालय केव्हा पुरं होईल ते होईल, कागद तरी शाबूत राहतील.

पाडकामाच्या कंत्राटात दोन कलमं घाला. एक, पाडण्याआधी प्रत्येक खात्याची मोजमाप रेखांकनं, लेझर स्कॅन आणि फोटो. दोन, सुट्या वस्तूंची यादी. लोखंडी खांब काढताना त्याच्या पायथ्याशी ओतणाऱ्या कारखान्याचं नाव असतं का ते बघा, सागाचे वासे विकताना त्यांवर कोरलेले आकडे टिपून घ्या. भंगारवाल्याला वजन हवं असतं, आम्हाला फक्त नाव. दोघांचं भांडण होणार नाही.

तळघराचा खड्डा खणण्याआधी तीन-चार जागी चाचणी चर घेऊ द्या. सगळं आवार नको. इंजिन घर, बॉयलर घर, तळं, साचेखाना, एवढ्या जागा. तिथे महत्त्वाचं काही नसेल तर आम्ही तसं लिहून देऊ आणि आमच्या बाजूने विषय संपेल. असेल तर ते मोजून, काढून, जागा तुम्हाला मोकळी करून देऊ. ते तिथेच ठेवा असा हट्ट फार क्वचित असेल. एखाद्या ठिकाणी असेल, हे मात्र आधीच सांगते. इंजिनाचा एक पाया पोडियमच्या बागेत ठेवला तर तुमच्या कारंज्याची शोभा काही कमी होणार नाही.

निवृत्त कामगारांना आवारात बोलवा, मानधन देऊन. साचेवाले, जॉबर, फिटर, वाइंडिंगच्या बाया. त्यांना चहा पाजून बाहेर बसवू नका, चरात उतरवा. त्यांच्यातले बरेच आता विरार, बदलापूर, कर्जत किंवा गावी सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीला आहेत. त्यांना आणायचं काम आम्ही करू, फक्त फाटकावरच्या सिक्युरिटीला त्यांची नावं देऊन ठेवा. ज्या फाटकातून हे लोक चाळीस वर्षं पास दाखवून आत जायचे, तिथेच त्यांना "कुणाला भेटायचंय?" म्हणून अडवलेलं मी पाहिलं आहे.

आणि एक मागणी तुमच्या संघटनांकडे. वास्तुविशारदांच्या ज्या संस्था दरवर्षी उत्कृष्ट निवासी प्रकल्पांना पारितोषिकं देतात, त्यांनी अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा, 'जुन्या जागेची पुरातत्त्वीय नोंद केली का, ती कुठे ठेवली आहे?' तो रकाना रिकामा राहिला म्हणून बक्षीस नाकारा असंही मी म्हणत नाही. नुसता छापा. रकाना रिकामा सोडायची लाज हळूहळू वाटायला लागते.

काही जण म्हणतील, गिरणगाव गेलं, आता हा मुद्दा उशिरा सुचला. बरंच गेलं, खरं आहे. पण सगळं गेलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या टाटा, पोदार, दिग्विजय आणि इंडिया युनायटेड क्रमांक ५ या गिरण्या थांबल्या. १९१३ च्या टाटा मिलची आवारं अजून उभी आहेत, भायखळ्यात आणि काळाचौकीतही जुन्या भिंती आहेत. या जमिनींचं काय करायचं याच्या चर्चा दिल्लीत आणि मुंबईत चालू आहेत, त्यांच्या चाळींच्या पुनर्विकासाच्याही. आज ना उद्या यातली एखादी फाइल तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येणार, सोबत सर्व्हे नकाशा आणि विकासकाचं घाई करणारं पत्र घेऊन. त्या दिवशी सल्लागारांची यादी करताना एक ओळ वाढवा. डेक्कन कॉलेज पुण्यात आहे, मुंबई विद्यापीठात साष्टी बेटाचं सर्वेक्षण करून दाखवलेले पुरातत्त्वाचे लोक आहेत, आमच्यासारखे हौशी-बिनहौशी आणखी काही. कुणालाही बोलवा. पावसाळ्याआधी बोलवलंत तर चर कोरडे राहतील आणि काम लवकर उरकेल.

उत्तराची वाट बघते. उघड पत्राला उघड उत्तर दिलंत तर जास्त बरं, पण खाजगीत दिलंत तरी चालेल.

आपली,
पुरातत्त्वाची एक अभ्यासक,
करी रोड, मुंबई